अप्पांनी निवडलेलं घर

खोली भाड्यानं मागायला आलेल्या माणसाला घरमालक नाव-गाव विचारतो, नोकरी विचारतो, घरात खाणारी तोंडं किती ते विचारतो. आमचे अप्पा आधी झोप विचारायचे. गाढ लागते का सावध?

आम्ही बीडला त्यांच्याकडे बिऱ्हाड मागायला गेलो तेव्हा ह्यांनाही त्यांनी तेच विचारलं. हे तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होते. उर्दू अक्षर सुरेख, जीभ मात्र तिखट. म्हातारा थट्टा करतोय असं समजून ते म्हणाले, गाढ लागते, कानाशी नगारा बडवला तरी उठत नाही. अप्पा हसले नाहीत. मान हलवून त्यांनी आम्हाला माडी दिली. पुढं कळलं की त्या घराची वाटणीच तशी होती. गाढ झोपेचे वर, सावध झोपेचे खाली, आणि सगळ्यात खाली, दाराला लागून, बाजेवर स्वतः अप्पा.

उंच, किंचित पोक आलेला देह, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पेठेत त्यांचं किराण्याचं दुकान होतं, पण गल्ल्यावर पुतण्या बसायचा. अप्पांचा दिवस घर तपासण्यात जायचा. सकाळी उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठल्या बाजूला वाहतं ते वाकून बघत राहायचे. रोज त्याच बाजूला वाहायचं, पण रोज बघायचे. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवायचे, वैद्य रोग्याची पाठ वाजवतो तशी. माडीच्या तुळईला एक जाड दोर कायमचा बांधलेला होता आणि त्याचा गुंडाळा खिडकीशी ठेवलेला. त्यावर मी एकदा धुणं वाळत घातलं. अप्पांनी ते एकेक उचलून घडी करून माझ्या हातात दिलं आणि दोर परत गुंडाळून ठेवला. 

माणूस शिवभक्त, पण कनकालेश्वराच्या देवळात कधी गेले नाहीत. ते देऊळ पाण्यात उभं आहे. महाशिवरात्रीला अख्खं बीड आत जायचं, अप्पा काठावर उभं राहून लांबूनच हात जोडायचे. कुणी चिडवलं तर म्हणायचे, त्याला भेटायचं असंल तर तो येईल भाईर.

आमच्या मुलीचं नाव आम्ही गोदावरी ठेवलेलं. माझं माहेर गेवराईकडचं, गोदेच्या काठाचं. आईच्या हौसेखातर ते नाव. पहिल्याच दिवशी अप्पांनी तिला जवळ घेऊन नाव विचारलं आणि ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "नदीचं नाव कावून ठिवलं बाई पोरीला?"  दुसऱ्या दिवसापासून ते तिला गिरिजा म्हणू लागले. डोंगराची लेक. चारच वर्षांची पोर, तीही त्या नावाला ओ देऊ लागली. त्यांच्या बाजेखाली तिचं भातुकलीचं घर होतं, आणि ते घर विटा लावून जमिनीपासून उचललेलं होतं. विटा अप्पांनी आणलेल्या.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. बदली झाली, अपील करायचं, पोराला शिकवायचं, सगळे रस्ते हैदराबादेला जायचे. आणि तिथं जाऊन राहायचं कुठं, हे विचारायला लोक अप्पांकडे यायचे, कारण त्यांनी उमेदीची वर्षं हैदराबादेत काढली होती. बेगम बाजारात एका सावकाराच्या पेढीवर ते मुनीम होते. विचारायला आलेला माणूस खुशीत यायचा आणि पांढरा पडून परत जायचा. अप्पांना प्रत्येक मोहल्ला ठाऊक, पण एकाच खुणेनं. इथं पाणी गुडघ्याला होतं. इथं मशिदीच्या कमानीला लागलं होतं. इथं घरच राहिलं नाही. मुसी नदीला आलेला तो मोठा पूर. आम्ही त्याबद्दल लहानपणी ऐकलेलं, अप्पांनी तो बघितलेला.

ते म्हणायचे, "चोर दार बघून येतो, ताप मानूस बघून येतो. पानी काहीच बघत न्हाई."

पेठेतला एक तरणा गडी होता. त्याला तिकडं शाळेत मास्तरकी मिळाली होती. तो अप्पांकडे एक दुपार बसला आणि घरी जाऊन म्हणाला, मी जात नाही. नोकरी सोडली. त्याचा बाप ओसरीवर येऊन वाट्टेल ते बोलला, पोराचं वाटोळं केलंस म्हणाला. अप्पा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जिता हाय न्हवं तुमचा पोरगा? मग बोला."

मी जिन्यात उभी होते. त्या बोलण्यानं माझ्या अंगावर काटा आला. हे मात्र जेवताना हसत होते.

मग आमच्याच दारात बदली आली. ह्यांना सदर कचेरीत बोलावलं होतं, हैदराबादेला. बढती होती. ह्यांचे एक स्नेही तिकडं आधीपासून होते. त्यांनी निरोप धाडला की घर बघून ठेवलंय, चादरघाटाकडं, नदीच्या अंगाला. दोन्ही बाजूंनी वारा, परसात लिंब, कचेरी चालत जाण्यासारखी. नदीची भीती आता राहिलेली नाही, वरच्या अंगाला सरकार मोठा बांध घालतंय. हे खुशीत होते. मीही असायला हवी होते, पण माडीवर दीड वर्ष राहून मी आतून बदलले होते. पावसात पन्हाळीचा आवाज झाला तरी माझा हात गोदूकडे जायचा. गावातल्या बिंदुसरा नदीला थोडं पाणी चढलं की अन्न गोड लागायचं नाही. भीती एकाची दुसऱ्याला लागते, खरजेसारखी, आणि लागलेली कळत नाही.

मी अप्पांना सांगितलं नव्हतं. गोदूनं सांगितलं, आम्ही नदीच्या घरात जाणार म्हणून. त्या दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते. अप्पा माडीवर आले तर दोर-भिंत बघून लगेच उतरायचे, त्या दिवशी मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकले.  मग सांगायला लागले, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

बायको आणि दोन लेकींना घेऊन ते हैदराबादेला गेले तेव्हा बायकोचं म्हणणं होतं शालीबंड्यात राहू. चढावरची वस्ती, आपल्याकडची माणसं शेजाराला. अप्पांना ते पटलं नाही. पेढीपासून लांब, गल्ल्या अंधाऱ्या, हवा नाही. त्यांनी गौळीगुड्यात नदीकाठी घर घेतलं. बायको काही बोलली नाही, चार वर्षं सुखाची गेली. त्या रात्री पाऊस लागून होता. पेढीवरून यायला त्यांना उशीर झाला. पोरी निजलेल्या, जाग्या होतील म्हणून ते खाली न झोपता माडीवर जाऊन झोपले. पहाटे घर हललं तेव्हा ते उठले. जिना उतरायला गेले तर जिन्यात पाणी होतं.

"झोप लई गाढ व्हती माझी," अप्पा म्हणाले. "तिनं हाक मारली असंल बाई. एकदा न्हाई, लई बारी मारली असंल."

 हातातले खडे दाण्यांत पडले. उठताना ते कठड्याला धरून म्हणाले, "घर मी निवडलं व्हतं. तिनं न्हाई."

ह्यांना मी हे सगळं सांगितलं. हे बधले नाहीत. म्हणाले, वाईट झालं, पण एका माणसाच्या दुःखावर आपण घर बांधायचं का? मी रडले. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले. आमच्यात त्या आठवड्यात जेवढं भांडण झालं तेवढं लग्नापासून झालं नव्हतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी अप्पा कपड्यांचं गाठोडं बांधून ओसरीवर बसलेले. म्हणाले, मी येतो, घर बघतो आणि परत फिरतो. हे काही बोलायच्या आत गोदू त्या गाठोड्यावर जाऊन बसली.

आगगाडी जालन्याला. तिथवर बैलगाडी. गेवराईपर्यंत अप्पा बोलत होते, गोदूला झाडांची नावं सांगत होते. गेवराई मागं पडली आणि ते गप्प झाले. शहागडाला गोदावरी ओलांडावी लागायची. दिवाळी होऊन गेलेली, तरी पात्रात पाणी होतं आणि गाडी नावेवर चढवावी लागत होती. अप्पा वाळूपर्यंत आले आणि तिथं त्यांचे पाय थांबले. थांबले म्हणजे खरंच थांबले. ह्यांनी हाताला धरलं, नावाड्यानं हाक मारली, पण ते मुळं फुटल्यासारखे उभे. तोंड कोरडं पडलेलं, गळ्यातली डबी मुठीत. ह्यांनी त्यांना सांगितलं, अप्पा, तुम्ही इथूनच परत जा, कुणी काही म्हणणार नाही. आणि ते मनापासून सांगत होते, चिडून नाही.

अप्पांनी डोळ्यांवर उपरण्याची पट्टी बांधली. स्वतःच्या हातानं. मग बैलाच्या शिंगाला धरून ते नावेत चढले. पलीकडं लागेपर्यंत त्यांनी शिंग सोडलं नाही. बैलही बिचारा मान न हलवता उभा राहिला. त्यांचं अंग एवढं थरथरत होतं की मी गोदूला पदराखाली घेतलं, तिला दिसू नये म्हणून. काठाला उतरल्यावर त्यांना वांती झाली. तोंड धुवायला पाणी दिलं, तर म्हणाले, नदीचं नको, मडक्यातलं द्या.

हैदराबादेत आम्ही ह्यांच्या स्नेह्यांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी हे अप्पांना आणि आम्हाला ते चादरघाटाचं घर दाखवायला घेऊन गेले. ह्यांचा हिशेब सरळ होता. म्हाताऱ्याला नवी नदी दाखवू, काठ बांधलेत, झाडं लावलीत, मन निवेल. घर खरंच सुंदर होतं. फरशी गार, खिडक्या मोठ्या, परसातून वारा यायचा तर लिंबाचा वास घेऊन यायचा. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून अधिक भीती वाटली. अप्पांनी त्या घरात काहीच तपासलं नाही. भिंत वाजवली नाही, पाणी ओतलं नाही. आत आले आणि थेट जिना चढून गच्चीवर गेले.

वेळ झाला तरी खाली येईनात म्हणून हे वर गेले. मागोमाग मी. अप्पा कठड्याला मिठी मारून बसले होते. खाली नदी म्हणजे काय, धोब्यांची गाढवं आणि वाळूतून जाणारी एक ओल. अप्पा त्या ओलीकडे बघत नव्हते. पलीकडच्या काठावर काहीतरी शोधत होते. जिथं त्यांचं घर होतं तिथं आता सरकारी बाग होती, रांगेत लावलेली झाडं. ते बोटानं हवेत जागा दाखवत होते, मग बोट थोडं सरकवत होते, मग आणखी थोडं. त्यांना जागा सापडत नव्हती. ह्यांनी दोनतीनदा हाक मारली. त्यांना उठता येईना. कठड्यावरची बोटं ह्यांनी एकेक करून सोडवली आणि त्यांना पाठंगुळी घेऊन जिना उतरले.

रस्त्यावर आल्यावर हे मला म्हणाले, "शालीबंड्यात बघू घर." एवढंच. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं बढत्या मिळाल्या तरी वाटला नाही.

शालीबंड्याचं घर अप्पांनी निवडलं. चार गल्ल्या फिरले, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, पाणी इथवर आलतं का. उंबऱ्यांवर तांबे ओतले, लोक वेड्यासारखे बघत होते. शेवटी एका बोळाच्या टोकाला दोन खोल्या पसंत केल्या. अंधाऱ्या, बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही, शेजारी धान्याची वखार, पण चढावर आणि भिंती दगडी. अप्पांनी भिंत वाजवली आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं. देवाची मांडणी होईपर्यंत थांबले. जाताना गोदूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आता गाढ झोप.

आणि मीही झोपले. पुढचा पावसाळा जोरात झाला, नदीकाठचे लोक बाहेर येऊन पाणी बघत उभे राहिले, आणि मी आमच्या अंधाऱ्या खोलीत निवांत भाकऱ्या थापत होते.

पुढल्या थंडीत वखारीत उंदीर पडायला लागले. आधी एक, पायरीवर, तोंडातून रक्त आलेला. मग रोज. प्लेग. बोळात घराला घर लागलेलं, ऊन येत नव्हतं, हवा हलत नव्हती. लोक गावाबाहेर झोपड्यांत जायला लागले. आम्हीही निघणार होतो, गाडी ठरली होती. निघायच्या सकाळी गोदू उठेना. अंग तव्यासारखं तापलेलं. ती हात वर करू देईना तेव्हा मी काखेत बघितलं. गाठ होती.

त्यातून ती उठली नाही. मी दीड वर्ष पाण्याची चाहूल घेत बसले होते. मरण दुसऱ्याच बाजूनं आलं.

नंतर ह्यांना कुणीतरी सांगितलं की चादरघाटाच्या त्या ओळीत एकही उंदीर पडला नाही. मोकळी हवा ना. हे ऐकून घरी आले आणि तोंडाला उपरणं लावून बसले. त्यानंतर आमच्या घरात अप्पांचं नाव निघालं नाही. एकदाच ह्यांच्या तोंडून निघालं, की त्या म्हाताऱ्यानं आपल्या पोरीसाठी कोरडी जागा शोधून दिली. ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी अजून विसरले नाही. मी अप्पांना दोष देत नव्हते का? देत होते. रात्र असो दिवस असो, कधी त्यांना, कधी ह्यांना, कधी मला, कारण हट्ट माझाच होता.

काही वर्षांनी आमची बदली परत बीडला झाली. अप्पांचं घर विकलेलं होतं. पुतण्यानं लिंबागणेशला दुकान थाटलं होतं आणि अप्पा त्याच्याकडे होते. तो बाजारात ह्यांना भेटला. म्हणाला, काकाची नजर गेली, पण तुमची आठवण काढतो, गिरिजाची तर रोज. मग चाचरत म्हणाला, तिचं आमाला कळलं व्हतं, पन त्याला सांगितलं न्हाई. सांगायची हिंमत झाली न्हाई.

हे घरी येऊन म्हणाले, उद्या लिंबागणेशला जाऊ.

गाडीत मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. काय मनात आहे कळेना. वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं आज त्या आंधळ्या माणसाच्या पदरात टाकायला चाललेत का? मी विचारलं, काय बोलणार आहात तुम्ही? हे म्हणाले, बघू.  शहागडच्या वाळूवर उभे राहिलेले अप्पा सारखे डोळ्यांसमोर येत होते, आणि माझी पोर पण.

अप्पा ओसरीवर बाजेवर बसले होते. वाळून काटकी झालेले. पुतण्यानं कानाशी सांगितलं कोण आलंय ते. त्यांनी हात पुढं केला, तो ह्यांनी धरला. मी खांबाशी उभी राहिले. 

"पानी आलतं का तिकडं?" अप्पांनी विचारलं.

"नाही आलं, अप्पा."

"भिंती?"

"कोरड्या. चांगलं घर होतं."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. मग मान इकडंतिकडं वळवली, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी. "आन गिरिजा? ती न्हाई आली?"

पुतण्यानं खाली बघितलं.  ओसरीपुढून एक शेळी गेली, तिच्या गळ्यातली घंटी लांबवर ऐकू येत राहिली. मी मनात म्हणत होते, नको, नको, आणि काय नको तेही मला सांगता आलं नसतं.

"तेलगावला असते," हे म्हणाले. "माझ्या बहिणीकडं. तिथं करमतं तिला."

"मोठी झाली असंल."

"झाली. माझ्या खांद्याला लागते."

अप्पा हसले. दात राहिले नव्हते. ते थोडं पुढं वाकले, ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात, घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "नदीकाठच्या गावात देऊ नका तिला."

"नाही देणार," हे म्हणाले.